‘कृपेवर टाका’ म्हणजे नेमकं काय करू?

आदरणीय ताई,
सप्रेम सलाम. माझं वय ४६. सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे आणि त्यांचं सगळं मीच बघते. त्या दिवसभर एकच विचारतात, “माझी पिशवी कुठंय?” पिशवी त्यांच्या मांडीवरच असते. सकाळी मी नीट उत्तर देते, दुपारपर्यंत आवाज चढतो. परवा मी ती पिशवी त्यांच्या हातातून ओढली आणि कपाटात टाकली. त्या घाबरून माझ्याकडे बघत राहिल्या. रात्री रडून क्षमा मागितली, “प्रभू, उद्यापासून नाही” म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. नंतर त्यांची माफी मागावी तर त्यांना काही आठवतच नसतं.
प्रभूने माझ्यासाठी एवढं केलं, आणि मला त्याची एवढीशी परतफेड जमत नाही. चर्चच्या मंडळीत कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं: “कृपेवर टाका.” टाकू म्हणजे काय करू? सगळं कृपेनेच होणार असेल तर मी धडपडू नये का? आणि धडपडायचंच असेल तर कृपा कशासाठी? माझं माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट, त्यामुळे डोक्यात आणखी गोंधळ. गेले काही महिने चर्चमध्ये प्रभुभोजन (प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस) घेत नाही, लायकी वाटत नाही. संडे स्कूलमध्ये मुलांना कृपेवर धडा शिकवते तेव्हा ढोंगी असल्यासारखं वाटतं. वीस वर्षं विश्वासात काढूनही तापटपणा गेला नाही, म्हणजे मला कृपा मिळालीच नाही का? शिकवणं सोडून देऊ का?
– एक भगिनी

प्रिय भगिनी,
सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मी ‘परतफेड’पाशी थांबले. तुमचा खरा ताप तिथे आहे असं मला वाटतं. दुपारी चढतो तो त्याच्या मागून येतो. प्रभूने तुमचं तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट केलं यावर तुमचा विश्वास आहे, मुलांनाही तुम्ही तेच शिकवता. पण मनात कुठेतरी त्या तारणाची उधारी मांडून ठेवली आहे आणि रोज सासूबाईंशी गोड बोलून तिचा हप्ता भरायला निघता. हप्ता चुकला की रात्री रडणं, नवा वायदा, आणि सकाळी कालची थकबाकी डोक्यावर घेऊनच उठणं. अशा माणसाला चौदाव्यांदा विचारलेला पिशवीचा प्रश्न नुसता प्रश्न वाटत नाही, तो वसुलीला आलेला माणूस वाटतो. सासूबाई बिचाऱ्या पिशवी शोधताहेत आणि तुम्हाला वाटतं त्या तुमची परीक्षा घेताहेत.

ज्याची परतफेड करता येते त्याला प्रेषित पौल कृपा म्हणणारच नाही. बायबलमधल्या त्याच्या रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो साध्या व्यवहाराची भाषा वापरतो: काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती त्याची हक्काची, तिला कुणी मेहेरबानी म्हणत नाही. तुम्ही मिळालेल्या दानाचं उलट्या बाजूने मजुरीत रूपांतर केलंय. आगाऊ मजुरी घेतली, आता काम फेडतेय, असं.

हा घोळ तुमच्या एकटीचा नाही. चर्च त्याच्याशी सोळाशे वर्षांपूर्वीच झगडलं आहे. ऑगस्टीन नावाचा उत्तर आफ्रिकेतला बिशप अशी प्रार्थना करायचा: देवा, तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ आधी दे, मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये पेलाजियस नावाच्या एका व्रतस्थ शिक्षकाच्या कानावर ही प्रार्थना गेली आणि तो संतापला. त्याचं म्हणणं असं की लोकांना हे शिकवलं तर ते हातपाय हलवणार नाहीत. देवाने आज्ञा केली म्हणजे ती पाळण्याची ताकद माणसात आहेच, पाळली नाही तर दोष तुमचा. पेलाजियस वाईट माणूस नव्हता. शिस्तीचा होता, कळकळीचा होता. मला तर वाटतं, आजच्या कुठल्याही मंडळीत तो चटकन वडील, म्हणजे मंडळीचा पुढारी, म्हणून निवडून येईल. पण ४१८ साली कार्थेज इथे भरलेल्या परिषदेने त्याची शिकवण नाकारली, आणि नाकारताना जे सांगितलं ते तुम्ही नीट वाचावं. देवाची कृपा केवळ होऊन गेलेल्या पापांच्या क्षमेपुरती आहे, पुढे पाप करू नये म्हणून ती मदत करत नाही, असं जो म्हणेल तो चुकतो. आणि आज्ञा पाळणं जरा सोपं जावं एवढ्यासाठीच कृपा आहे, तिच्याशिवायही जड का होईना पण जमलं असतं, असं जो म्हणेल तोही चुकतो.

आता तुमची रात्रीची प्रार्थना बघा. “आज जे झालं त्याची क्षमा कर, उद्यापासून मी असं करणार नाही.” कालचं देवाकडे, उद्याचं माझ्याकडे. कृपा तुम्ही फक्त कालच्या दिवसापुरती मागताय. गलतीकरांना पौल जे विचारतो ते हेच: आत्म्याने सुरुवात केलीत आणि आता शेवट स्वतःच्या देहस्वभावाने करणार का?

मग धडपडायचं की नाही? धडपडायचं. पौलाइतकी धडपड कुणी केली असेल? तो स्वतःच म्हणतो की इतर सगळ्या प्रेषितांपेक्षा मी जास्त श्रम केले, आणि त्याच दमात म्हणतो की ते मी केले नाहीत, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले (१ करिंथ १५:१०). फिलिप्पैकरांना तो सांगतो, आपलं तारण भीत व कापत साधून घ्या, कारण तुमच्या ठायी इच्छाही आणि कृतीही घडवून आणणारा देवच आहे. त्या ‘कारण’वर सगळं उभं आहे. देव काम करतोय म्हणून मी करायचं. माझं जिथे संपतं तिथून पुढे देव, अशी वाटणी पौलाने कुठेच केलेली नाही. कृपेचा आधार घेऊन पाप करत राहणाऱ्यांसाठी रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आहे, पण पिशवी ओढली म्हणून रात्रभर रडणाऱ्या बाईला तो वाचून दाखवायची मला गरज वाटत नाही.

आता दुपारकडे येते. कारण ‘टाका’ म्हणणारे नेमके इथे निघून जातात.

दुपारची वेळ. तुम्ही सकाळपासून उभ्या आहात. सासूबाई विचारतात, “माझी पिशवी कुठंय?” छातीत काहीतरी आवळतं, जबडा घट्ट होतो, आवाज चढण्याआधीची ही खूण तुम्हाला नक्की माहीत असणार. तुमची प्रार्थना आत्ता व्हायला हवी, रात्री दहाला नव्हे. आणि ती लांबलचक नको. “प्रभू, माझ्याकडे आत्ता शांती नाही. तू दे.” एवढंच. यात वायदा नाही, रडणं नाही. मागणं आहे आणि हात रिकामा असल्याची कबुली आहे. इब्री लोकांस पत्रात कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जायला सांगितलंय ते ऐनवेळी साहाय्य मिळावं म्हणून. साहाय्य अडचणीच्या वेळी मागायचं असतं. आपण तिथे बहुधा अडचण उरकल्यावर जातो, आणि तेही खुलासा द्यायला.

मागून झालं की पुढचं छोटं काम करायचं. “मांडीवरच तर आहे!” हे उत्तर देऊ नका. ते खरं आहे, पण निरुपयोगी आहे. या आजारात नुकतंच घडलेलं मेंदूत टिकत नाही, त्यामुळे पटवून देऊन काही हाती लागत नाही. शिवाय विचारणाऱ्याला बऱ्याचदा वस्तूपेक्षा धीर हवा असतो. त्यांचा हात हातात घ्या, पिशवीवर ठेवा, “ही बघा, आहे तुमच्याजवळ” म्हणा. उघडून आतलं काय काय आहे ते काढू द्या, परत भरू द्या. त्यात त्यांची दहा मिनिटं जातील आणि तुमचीही बरी जातील. आणि आवाज चढतोच आहे असं वाटलं तर, त्या सुरक्षित बसलेल्या असतील तेव्हा, दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. याला पळ काढणं म्हणत नाहीत. परीक्षेबरोबर देव बाहेर पडायची वाटही ठेवतो असं वचन आहे. ती वाट कधीकधी खोलीचं दार असते.

मागितल्याबरोबर मन शांत होईल असं मात्र मी म्हणत नाही. कृपा आली की काहीतरी जाणवतं, ऊब वाटते, डोळे भरून येतात, अशी साक्ष तुम्ही ऐकली असेल. येतही असेल कुणाला. पण पुष्कळदा काहीच जाणवत नाही. जबडा घट्टच राहतो आणि तरी हात पिशवी ओढत नाही. मग आपण म्हणतो, आज जरा जमलं बुवा. त्या दिवशी कृपा मिळाली हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण आपण तिची वाट भावनेच्या दारात बघत बसलेलो असतो.

दुसरं असं की तुम्ही रात्री जो निश्चय करता तो अख्ख्या उद्याचा असतो. माझा अंदाज आहे की मनातल्या मनात तो पुढच्या दहा वर्षांचाही असतो. अजून किती काळ हे चालणार, असा विचार करत माणूस झोपला तर सकाळी दमलेलाच उठणार. रानात इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळाला तेव्हा माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप), ज्याच्या त्याच्या दिवसापुरता गोळा करायचा होता. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, त्याला किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट घ्यायचा, आणि तो मात्र टिकला, कारण त्याची सोय देवानेच केली होती. पुढच्या वर्षाच्या सहनशीलतेचा साठा आज मिळत नाही. आज दुपारचा मागा. संध्याकाळचा संध्याकाळी मागायला परत या. देवाला त्याचा कंटाळा येत नाही.

आणि आता जरा रागावून लिहिते. तुम्हाला कुणीतरी ‘देव सोसवेल त्यापेक्षा जास्त ओझं देत नाही’ हेही सांगितलं असणार, ‘कृपेवर टाका’च्या जोडीला हे येतंच. १ करिंथ १०:१३ मधलं वचन मोहाविषयी, परीक्षेविषयी आहे. आजारपण, सेवा, दगदग यांच्या ओझ्याचं माप तिथे काढलेलं नाही. ओझ्याविषयी पौल लिहितो ते करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात, आणि तिथे तो चक्क उलट सांगतो: आशिया प्रांतात आमच्यावर आमच्या शक्तीपलीकडे भार पडला, इतका की जगण्याचीही आशा सुटली. प्रेषित आहे तो! आणि असं का झालं, तर आम्ही स्वतःवर भरवसा ठेवू नये, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर ठेवावा म्हणून. तेव्हा भगिनी, तुमच्याच्यानं हे होत नाही, याचा अर्थ तुमचा विश्वास कमी आहे असा नाही. ओझं खरंच शक्तीपलीकडचं असू शकतं. तसं मोकळेपणी म्हणायची परवानगी पौलाने दिलेली आहे.

आणि शक्तीपलीकडच्या ओझ्यावर देव काय पाठवतो तेही बघा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं परमेश्वरा, आता माझा प्राण घे. देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा कुंजा ठेवला. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूत परत आला, पुन्हा खायला घातलं. कारण काय, तर पुढची वाट तुला झेपणार नाही. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. आधी झोप आणि जेवण. पौलाचंही तेच. मासेदोनियात बाहेर भांडणं, आत धास्ती, शरीराला स्वास्थ्य नाही, अशा अवस्थेत दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवाने सांत्वन कसं केलं? तीत नावाचा त्याचा सहकारी आला. एक माणूस दारात येऊन उभा राहिला. (२ करिंथ ७ वाचा, तिथे दर्शन नाही, आकाशवाणी नाही.)

तुमच्या दारात कोण येतं? तुम्ही एवढं लिहिलंत, पण त्यात यजमानांचं नावसुद्धा नाही. आई त्यांची आहे. ते कामावर जात असतील, दमून येत असतील, मला कल्पना आहे. पण घरातली बाई करते आहे म्हटल्यावर त्या कामाकडे बाकीच्यांचं लक्षच जात नाही, आणि वर तिला कृपेचा सल्ला मिळतो. मला हे अजिबात पटत नाही. कृपेवर अवलंबून राहणं म्हणजे एकटीने सगळं ओढणं, असं पवित्र शास्त्रात कुठेही नाही. ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे आहे. तेव्हा यजमानांना ठरवून बसवा, भांडणाच्या वेळी नको, आणि मोघम बोलू नका. ‘जरा मदत करा’ म्हटलं की ‘हो करतो की’ येतं आणि तिथेच विषय संपतो. आठवड्यातल्या कोणत्या दोन संध्याकाळी आईजवळ ते बसणार आणि तुम्ही घराबाहेर असणार, हे वारासकट ठरवा. दीर-नणंदा असतील तर त्यांनाही विचारा. पैशांची मदत वेगळी, हातांची मदत वेगळी, दोन्ही मागा. मंडळीत पुढच्या वेळी कुणी ‘कृपेवर टाका’ म्हणालं तर हसून विचारा, “गुरुवारी दुपारी दोन तास येऊन बसाल का त्यांच्याजवळ?” म्हणणाऱ्याने मनापासून म्हटलं असेल तर तो येईल. मदत मागताना लाज वाटेल. ती लाजही त्या उधारीच्या वहीतलीच आहे.

डॉक्टरांशीही बोला. सासूबाईंच्या अस्वस्थतेविषयी तर बोलाच, कधीकधी दुखणं, लघवीचा संसर्ग, अपुरी झोप यांनी ती वाढलेली असते आणि त्यावर उपाय असतो. पण स्वतःविषयीही बोला. तुम्हाला झोप लागते का, भूक लागते का, सकाळी उठावंसं वाटतं का? अशी सेवा वर्षानुवर्षं करणाऱ्यांना नैराश्य गाठतं, आणि त्याला औषधोपचार आहेत. ते घेणं म्हणजे कृपेवर अविश्वास नव्हे. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते: परवा पिशवी ओढलीत, उद्या हात उठेल अशी भीती वाटली तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि सासूबाईंची जबाबदारी काही काळ दुसऱ्या कुणाकडे द्या. त्यांचं रक्षण हीसुद्धा देवाचीच इच्छा आहे, आणि ते तुमच्या अब्रूपेक्षा मोठं आहे.

माफीविषयी तुम्ही विचारलंत. त्यांना आठवत नाही, मग मागायची कशाला? मागा. संध्याकाळपर्यंत थांबू नका, तिथल्या तिथे मागा. या आजारात प्रसंग पुसला जातो, पण त्याने मनात आलेली भीती, किंवा बरं वाटणं, पुष्कळदा मागे राहतं. कशामुळे ते माणसाला सांगता येत नाही, एवढंच. म्हणून आवाज चढला की लगेच जवळ जाऊन “चुकलं माझं, ओरडायला नको होतं” म्हणा, पाठीवरून हात फिरवा. त्यात ‘पण तुम्हीही सारखं विचारता’ जोडू नका. माफी मागताना स्वतःची बाजू मांडावीशी वाटणार नाही, तेव्हा कृपा अंगात मुरू लागली असं समजायला हरकत नाही. तोपर्यंत बाजू मांडण्याचा मोह होणारच, तो गिळा.

वीस वर्षांत तापटपणा गेला नाही म्हणता. यावर एक खरी हकिगत सांगते. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी १७४८ साली वादळात सापडला आणि देवाकडे वळला. लोक गोष्ट इथेच थांबवतात. पण त्यानंतरही तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर गेला, त्यांचा कप्तान झाला, आणि १७५४ साली समुद्र सोडला तोही प्रकृती बिघडली म्हणून. पुढे पाळक झाला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं, स्वतःचा दोष कबूल करून, ते १७८८ साली. वादळापासून चाळीस वर्षं! हे ‘चालायचंच’ म्हणायला सांगत नाही. त्याच्या उशिराची किंमत जहाजांच्या तळाशी साखळदंडात बांधलेल्या माणसांनी मोजली. पण चाळीस वर्षं देवाची कृपा त्या माणसावर काम करत नव्हती असं मला म्हणता येणार नाही. ती हट्टाने करत होती. तुमच्यावरही करते आहे. नाहीतर त्या पिशवीचं तुम्हाला इतकं वाईट वाटलं नसतं.

माहेर-सासरच्या गोंधळाचं थोडक्यात. कृपा, श्रद्धा आणि कर्मं यांचा मेळ कसा घालायचा यावर दोन्हीकडे फरक आहेत, ते खोटे नाहीत. पण कृपा विकत घेता येते असं दोन्हीकडचं कुणीच शिकवत नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली स्पष्ट म्हटलं की नीतिमान ठरवलं जाण्याआधीची कुठलीही गोष्ट, मग ती श्रद्धा असो वा कर्म, त्या कृपेला पात्र करत नाही. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरन महासंघ यांनी याच विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ साली मेथडिस्टांनी आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांनीही त्याला आपली संमती दिली. आपल्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि सत्कृत्यं करायला पवित्र आत्मा बळ देतो, हा त्याचा गाभा. तेव्हा ‘परतफेड’ तुम्ही माहेराहून आणलेली नाही आणि सासरहूनही उचललेली नाही. ती माणसाच्या अभिमानातून येते.

प्रभुभोजनाबद्दल. ‘अयोग्य प्रकारे’ खाणाऱ्या-पिणाऱ्याला पौल इशारा देतो, तो तुमच्या डोक्यात असणार. पण करिंथात काय चाललं होतं? मंडळी जमायची तेव्हा ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन पिऊन मोकळे व्हायचे, कुणी तर झिंगलेला असायचा, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी बसायचे. पौलाचा राग त्या वागण्यावर आहे. आपल्या पापाने कासावीस झालेल्या माणसाला त्याने टेबलापासून उठवलेलं नाही. स्वतःची परीक्षा करा, आणि मग खा, असं सांगितलंय. तुमची परीक्षा तर रोज रात्री होते, फक्त ‘मग खा’ तेवढं राहून गेलंय. वाटत असेल तर आधी पाळकसाहेबांजवळ बसून पिशवीची गोष्ट जशीच्या तशी सांगा, ‘कधीकधी चिडते’ असं गुळमुळीत नको. त्यांनी प्रभूची क्षमा तुमच्या कानावर उच्चारू दे. स्वतःच स्वतःला माफ करण्याच्या खटपटीपेक्षा दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकण्यात पुष्कळ बळ असतं. आणि येत्या वेळी प्रभुभोजन घ्या. लायकी आली की जाईन म्हणाल तर कधीच जाणार नाही, आणि यदाकदाचित लायकी आली असं वाटलं, तर त्या दिवशी मात्र न गेलेलं बरं.

संडे स्कूल सोडू नका. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याने तीन वेळा प्रभूला नाकारलं, त्यानंतर समुद्रकाठी प्रभूने आधी त्याला न्याहारी दिली आणि मग तीन वेळा विचारलं ते एवढंच, माझ्यावर प्रेम करतोस का? पुन्हा असं करणार नाहीस ना, असा वायदा मागितला नाही. पेत्राने उत्तर दिलं आणि प्रभूने लगेच काम सोपवलं: माझी कोकरं चार. दोन आठवडे दमलात म्हणून सुट्टी हवी असेल तर जरूर घ्या, बदली शिक्षिका शोधा. पण ढोंगी वाटतं म्हणून सोडू नका. मुलांना सांगताना ‘कृपा मिळाली की आपण चांगले होतो’ एवढ्यावर धडा संपवत असाल तर तो थोडा बदला. त्यांनाही घरी भावंडाच्या हातातून काहीतरी ओढून घेतलेलं असतं, आणि त्यांच्या शिक्षिकेला दुपारी प्रभूकडे शांती मागावी लागते हे ऐकून त्यांचं काही बिघडणार नाही. सासूबाईंचं नाव मात्र घेऊ नका. मुलं घरी जाऊन सगळं सांगतात.

यजमानांशी काय ठरलं ते कळवा. वार कोणते ठरले तेही लिहा.

तुमची,
ताई